कन्या दोन

आमच्या सदाशिव पेठेत माणसाचे नाव विचारून होते न होते तोच दुसरा प्रश्न येतो, "मूळचे कुठले?" पेशव्यांनी ही पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाने वसविली त्याला अडीचशेच्या वर वर्षे झाली, परंतु पाच-सहा पिढ्या इथल्याच हौदाचे पाणी प्यालेले घराणेही स्वतःला अजून रत्नागिरीकडच्या कुठल्या तरी वाडीचे म्हणवून घेते. या हौसेचे पक्व फळ म्हणजे कुलवृत्तान्त. कापडी बांधणीचा, अंगठ्याएवढ्या जाडीचा ग्रंथ. प्रारंभी कुलस्वामिनीचे चित्र, मग गोत्र आणि प्रवर, मग मूळपुरुष, आणि त्याच्यापासून वडाच्या पारंब्यांसारख्या खाली लोंबत आलेल्या शाखा-उपशाखा. आमच्या घरीही तो आहे. मी पन्नास वर्षे त्याचा अभिमान बाळगला. आज त्याच्याविरुद्ध लिहायला बसलो आहे, याचे कारण सांगितले पाहिजे.

माझी एक पुतणी इंग्लंडात असते. तिचा नवरा इंग्रज. गेल्या वर्षी दोघे आली, तेव्हा मी मोठ्या ऐटीने कुलवृत्तान्त काढून जावयापुढे ठेवला. त्याने तो आदराने चाळला आणि मग स्वतःच्या पूर्वजांची काही छायाचित्रे दाखविली. छायाचित्रे माणसांची नव्हती. नॉर्फक परगण्यातल्या एका खेड्यातील चर्चच्या नोंदवहीच्या पानांची होती. त्याचे पूर्वज शेतमजूर. ना जमीन, ना अक्षर. तरीही दोनशेच्या वर वर्षांपूर्वीच्या एका लग्नाच्या नोंदीत नवरीचे नाव माहेरच्या आडनावासह स्वच्छ लिहिलेले होते, आणि पुढे तिने स्वतःच्या हाताने काढलेली एक वाकडीतिकडी फुली होती.

पुतणी ती फुली पाहत राहिली. मग मला म्हणाली, "काका, याच्या पणजीच्या खापरपणजीने काढलेली फुलीसुद्धा सापडते. माझ्या पणजोबांच्या बहिणींची नावे काय हो?"

मी पान काढले. पणजोबांच्या वडिलांचा उतारा चांगला दहा ओळींचा आहे. त्यांचे शिक्षण, नोकरी, काशीयात्रा, तापट पण प्रेमळ स्वभाव. पुत्र तीन, तिघांची नावे, जन्मशके आणि पुढच्या पृष्ठांचे क्रमांक. शेवटी दोन शब्द : 'कन्या दोन.'

मला त्या वेळी जे वाटले त्याला लाज म्हणतात.

इंग्रजांच्या या वह्यांचा इतिहास मुद्दाम सांगण्यासारखा आहे. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की, प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने आपल्या हद्दीतील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद दर रविवारी एका वहीत करावी. वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी. चुकल्यास दर खेपेस तीन शिलिंग चार पेन्स दंड. हा नव्या कराचा डाव आहे, अशी लोकांत तेव्हा कुजबुज झाली. १७५४ पासून लग्नाच्या नोंदीवर वधू, वर व दोन साक्षीदार यांच्या सह्या, आणि अक्षरशत्रूंच्या फुल्या, सक्तीच्या झाल्या. १८१३ पासून छापील नमुने आले, वही कोरड्या जागी लोखंडी पेटीत ठेवण्याचे बंधन आले. १९७८ च्या नियमाने शंभर वर्षांपलीकडच्या वह्या दफ्तरखान्यांत सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था झाली.

यात माझ्या मते एकच गोष्ट थोर आहे. पाद्र्याला कुणाचा गौरव करावयाचा नव्हता. त्याला रविवारी वही भरावयाची होती. म्हणून जमीनदाराचा मुलगा आणि भिकाऱ्याची मुलगी एकाच पानावर, एकाखाली एक येतात. अनौरस मूल जन्मले तर तसे तो रोखठोक लिही; त्या शब्दात दया नसे, पण पुढे आईचे नाव असे.

कोणी म्हणेल, इंग्रजांचे गोडवे कशाला? मी ते गात नाही. त्या वह्यांत सर्व माणसे नाहीत. क्वेकर, ज्यू, कॅथलिक अशांपैकी पुष्कळांची जन्म-मरणे त्यांच्या बाहेर राहिली. सतराव्या शतकातल्या यादवीच्या काळात जागोजाग वर्षेच्या वर्षे कोरी आहेत. माझे म्हणणे इतकेच की, तिथे गळाले ते हलगर्जीपणाने किंवा धर्मभेदाने गळाले. आम्ही गाळले ते अभिमानाने गाळले, आणि गाळून उरले त्याला इतिहास म्हटले.

सगळेच कुलवृत्तान्त 'कन्या दोन' म्हणून थांबत नाहीत, हे मान्य. कित्येकांत मुलींची नावे असतात, सासरचे नाव-गावही असते. पण तिथे वाट संपते. शाखा पुत्राची, कन्येची फक्त नोंद. त्यातून आमच्याकडे लग्नात मुलीचे नावच बदलावयाचे. माहेरच्या ग्रंथात ती गोदावरी, सासरच्या ग्रंथात लक्ष्मी. दोन्ही ग्रंथ शेजारी मांडले तरी ती एकच बाई आहे हे कुणी ओळखू नये, अशी ही पक्की तजवीज!

आता एक याहून कठीण गोष्ट लिहितो. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी याच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. वाकडे पाऊल पडलेल्या, किंबहुना ज्यांचे पाऊल दुसऱ्या कुणी वाकडे पाडले अशा, ब्राह्मण विधवांनी तिथे गुप्तपणे बाळंत व्हावे आणि मूल मारू नये, एवढाच त्याचा हेतू. १८७४ साली काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. त्या गृहात आलेल्या स्त्रिया आकाशातून पडल्या नव्हत्या. त्यांना माहेर होते, सासर होते, गोत्र होते. त्यांच्या मुलांना बाप होते. कुठल्या कुलवृत्तान्ताच्या कुठल्या पानावर ती मुले आहेत? यशवंताचे नाव टिकले ते फुल्यांचे घर मिळाले म्हणून. बाकीच्यांना नॉर्फकच्या त्या पाद्र्याचा कठोर शब्दही मिळाला नाही.

आणि आमच्याकडे नोंदी नव्हत्या असेही नाही. त्र्यंबकेश्वरच्या, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. दक्षिण महाराष्ट्रात गावोगाव फिरून कुळांच्या पिढ्या म्हणून दाखविणारे हेळवी आहेत. मंडईपलीकडच्या कुणब्याला, माळ्याला, महाराला कापडी बांधणीचा ग्रंथ कधी मिळाला नाही. पण त्याच्या गावी जन्म-मृत्यूची वही होती. सरकार तिला गाव नमुना १४ म्हणते, लोक कोतवाल बुक म्हणतात. आमची पॅरिशची वही हीच! पाटलाचे मूल आणि वेशीबाहेरचे मूल त्या एकाच वहीत येते. तिची किंमत आम्हांस कळली केव्हा? २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा. मग तहसील कचेऱ्यांत धूळ झटकली गेली, आणि पुष्कळ नोंदी मोडीत असून मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, हे ध्यानात आले. पोटाला चिमटा बसल्याखेरीज आम्ही दफ्तर उघडीत नाही.

पुतणी गेल्यावर मी आमच्या माळ्यावरचा रुमाल सोडला. मोडी मला येत नाही. मोडी शिकणाऱ्या एका मुलाला बोलावून चार दुपारी वाचून घेतले. सगळा घरखर्चाचा जमाखर्च; काव्य नाही, कुलगौरव नाही. त्यात एके ठिकाणी, 'चि. गंगूस बांगड्या.' पुढे दोन वर्षांनी, 'गंगूचे लग्नाबद्दल' म्हणून मोठी रक्कम. आणि त्यानंतर तिसऱ्या वर्षी, भाजी आणि तेल यांच्या मध्ये, 'गंगूस आलवण.'

तो मुलगा वाचता वाचता थांबला. त्याला शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. मी सांगितला.

जे दहा ओळींच्या गौरवाला सांगता आले नाही, ते वाण्याच्या हिशेबाने दोन शब्दांत सांगितले. इतिहास कुठे असतो आणि कुठे नसतो, याचा याहून उघड पुरावा मला नको.

म्हणून कुलमंडळांच्या चालकांना माझे स्पष्ट सांगणे आहे. नव्या आवृत्त्या खुशाल काढा, पण कन्येची शाखा पुत्राच्या शाखेइतकीच पुढे न्या, आणि प्रत्येक सुनेची दोन्ही नावे छापा. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलाच्या नावात आईचे नाव लावावे, एवढे शासनालाही उमगले. तुम्हांला उमगण्यास अडचण कसली? आणि वाडे पाडून सदनिका बांधणाऱ्या माझ्या पेठकरांनो, माळ्यावरचे रुमाल रद्दीवाल्याला देऊ नका. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापिलेले भारत इतिहास संशोधक मंडळ याच पेठेत आहे. चालत जाण्याचे अंतर आहे. कुलस्वामिनीला जाण्यापेक्षा सोपे.

आमच्या कुलवृत्तान्तात मी आता 'कन्या दोन' खोडून शाईने 'गंगू' असे लिहिले आहे. पुढे एक स्वल्पविराम दिला आहे. दुसरीचे नाव अजून सापडले नाही. रुमाल अजून निम्मा वाचावयाचा आहे.