त्वचेच्या कर्करोगाचा पूर्वेतिहास : रुग्णाचा शब्द किती ग्राह्य?

झाशी : ‘यापूर्वी त्वचेचा कर्करोग झाला होता का?’ या प्रश्नाच्या उत्तरावर पुढील उपचारांची दिशा अवलंबून असते. हा आजार एकदा झालेल्या व्यक्तीला तो त्वचेवर अन्यत्र होण्याचा धोका अधिक असतो. तसेच पूर्वी किरणोपचार झालेल्या जागी ते पुन्हा देण्यास मर्यादा येतात. मात्र रुग्णाचे उत्तर दोन्ही बाजूंनी चुकू शकते.

बुंदेलखंडातील रुग्ण ‘गाँठ’ किंवा ‘मस्सा’ काढल्याचे सांगतो. ती साधी चामखीळ होती की कर्करोग, हे त्यातून उमगत नाही. अनेक कुटुंबे निदान रुग्णापासून दडवून ठेवतात; त्यामुळे त्याचे ‘नाही’ प्रामाणिक असूनही चुकीचे ठरते. उलटपक्षी, कर्करोग रुग्णालयात काढलेली निरुपद्रवी गाठही कर्करोग म्हणून स्मरणात राहते.

अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेल्या परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासात सहभागींनी दिलेली माहिती वैद्यकीय नोंदींशी बऱ्याच अंशी जुळली. पण त्या स्वतः वैद्यकीय क्षेत्रातील होत्या. तो निष्कर्ष सर्वसामान्य रुग्णांना सरसकट लागू करता येणार नाही.

नोंदींचा आधारही तोकडा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८१ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला; परंतु मेलानोमा वगळता त्वचेच्या इतर कर्करोगांची नोंद जगभरातच अपुरी राहते. छोटी गाठ बाह्यरुग्ण विभागातच काढली जाते आणि प्रत्येक वेळी नमुना तपासणीस जातोच असे नाही. झाशीत १९६८ पासून महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय असले, तरी जिल्हा मध्य प्रदेशाच्या सीमेवर असल्याने ग्वाल्हेर, लखनौ वा दिल्लीत उपचार घेतलेल्यांची कागदपत्रे विखुरतात.

अशा वेळी प्रश्नाचे स्वरूप बदलणे हिताचे ठरते. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये धोतर घट्ट बांधल्याने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले, ते रुग्णांच्या सवयींशी आजाराचा संबंध जोडून. आजाराचे नाव रुग्णाला ठाऊक नसले, तरी गाठ कोठे होती, केव्हा आणि कोणत्या रुग्णालयात काढली, तुकडा तपासणीस पाठवला का, पुढे किरणोपचार झाले का, हे तो बहुधा सांगू शकतो. या उत्तरांवरून मूळ अहवालाचा माग काढता येतो.

२०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाला बायोप्सीचा अहवाल जोडला गेल्यास स्मरणशक्तीवरील भार हलका होईल. तोपर्यंत रुग्णाचा शब्द हा शोधाचा आरंभ मानावा. निदानाचा पुरावा नव्हे.