चूक धरा, पण आधीच!

बँकेत पैसे भरताना स्लिपवर रकमेच्या रकान्यात कोणी चुकून स्वतःचे नाव लिहिले, तर खिडकीमागचा कारकून ती तिथल्या तिथे परत करतो. नोटा मोजण्याचीही गरज पडत नाही. संगणकाच्या प्रोग्रॅममधील अशा चुका तो न चालवता, नुसत्या वाचनातून धरण्याच्या पद्धतीला ‘स्थिर विश्लेषण’ म्हणतात.

पीएचपी या भाषेला तिची मोठी गरज भासली. रास्मुस लेर्डॉर्फ यांनी १९९५ साली ही भाषा लोकांपुढे आणली. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तीही पीएचपीतच लिहिलेली आहे. या भाषेचा स्वभाव मोठा सोशिक! आकडा हवा असताना अवतरणचिन्हांतला ‘5’, म्हणजे मजकूर दिला, तरी बहुधा ती मुकाट्याने त्याचा आकडा करून घेते. २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या पीएचपी ७ पासून ‘येथे पूर्णांकच हवा’ अशी अट प्रोग्रॅममध्ये लिहिता येऊ लागली. मात्र अट मोडल्याचे कळते, ते ती ओळ प्रत्यक्ष चालल्यावरच.

समजा, एका दुकानाच्या प्रोग्रॅममध्ये सवलत मोजणाऱ्या फंक्शनला वस्तूंच्या संख्येऐवजी गिऱ्हाइकाचे नाव दिले गेले. सवलत फक्त दिवाळीतच असेल, तर ही चूक वर्षभर झोपून राहील आणि ऐन गर्दीत बिल अडेल.

पीएचपीस्टॅन, फॅन यांसारखे तपासनीस येथे उपयोगी पडतात. कोणत्या फंक्शनला काय हवे आणि प्रत्यक्षात काय दिले आहे, याचा ते ओळ न् ओळ वाचून ताळा पाहतात. गंमत म्हणजे, फॅनची सुरुवात खुद्द लेर्डॉर्फ यांनीच केली. पीएचपीस्टॅनमध्ये कडकपणाच्या पायऱ्या आहेत. ० या पायरीवर दिलेल्या मूल्यांची संख्या तपासली जाते, तर त्यांचे प्रकार पाचव्या पायरीपासून. जुन्या प्रोग्रॅमला एकदम वरची पायरी लावली, तर तक्रारींचा ढीग पडतो. तेव्हा एकेक पायरी चढणेच बरे.

तरीही तपासनिसावर सारा भार टाकून चालत नाही. ‘स्ट्रपॉस’ हे फंक्शन आधी वाक्य आणि मग त्यात शोधायचा शब्द मागते. दोन्हींची अदलाबदल झाली, तरी दोन्ही मजकूरच. त्यामुळे प्रकार जुळतो आणि तपासनीस गप्प राहतो. स्लिपवर रक्कम आकड्यांत आहे, एवढे कारकून पाहील. ती बरोबर आहे का, हे मात्र भरणाऱ्यानेच पाहायचे असते.