गोडाऊन कुणाचं?

‘लीन’ म्हटलं की आमच्या बॉसची कळी खुलते. फंडा सोपा: लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल मागवायचा. झिरो इन्व्हेंटरी! पण परवा चाकणला एका व्हेंडरकडे गेले, तर आमचाच माल त्यांच्या शेडमध्ये छतापर्यंत रचलेला. आमचं शेड्यूल रोज बदलतं, म्हणून ते बिचारे आठवड्याचा माल आधीच करून ठेवतात. म्हणजे आम्ही स्लिम झालो, पोट त्यांचं सुटलं. याला लीन म्हणायचं?

ज्यांच्याकडून हा फंडा उचलला, त्या टोयोटाचंच बघा ना. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये कारियाच्या आयसिन कारखान्यात आग लागली. ब्रेकचा एक छोटासा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनायचा, आणि टोयोटाकडे साठा जेमतेम काही तासांचा. असेंब्ली लाइन्स ठप्प! पण आयसिनने ड्रॉइंग्ज वाटली आणि बाकीचे सप्लायर धावले. शिलाई मशीनवाल्या ब्रदरनेसुद्धा व्हॉल्व्ह बनवले. आठवड्याभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या.

असं धावून यायला वर्षानुवर्षांचा विश्वास लागतो. आपल्याकडे २००६ च्या कायद्यानुसार छोट्या उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचं असतं. तरी व्हेंडरला अकाउंट्समध्ये खेटे घालावेच लागतात. बॉस, माल वेळेवर हवा, तर शेड्यूल पक्कं द्या. आणि हो, पेमेंटही जस्ट इन टाइम!