पिंपरीतून निघालेला शोधनिबंध

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात पेनिसिलिन तयार होत असे, हे शहरातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. त्याच आवारातून एक वैज्ञानिक नियतकालिकही निघत होते, हे मात्र आता फारसे कुणाला आठवत नाही. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५४ साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीने औषधनिर्मितीच्या जोडीला संशोधन विभाग चालवला आणि १९५८ पासून 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन' छापायला सुरुवात केली. १९६१ साली एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन या बुरशीविरोधी प्रतिजैविकाचा शोध जाहीर केला, तो याच बुलेटिनमध्ये. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याचे नाव 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'.

त्याच सूक्ष्मजीवात पिंप्रिनिन नावाचा आणखी एक पदार्थ सापडला. त्याची नोंद १९६० मध्ये स्वित्झर्लंडच्या 'एक्सपिरिएन्शिया'त आली आणि त्याच्या रेणूची रचना व तो प्रयोगशाळेत घडवण्याची रीत १९६३ मध्ये 'टेट्राहेड्रॉन'मध्ये प्रसिद्ध झाली. घरचे बुलेटिन हाताशी असतानाही पिंपरीच्या संशोधकांनी आपले काम परक्या संपादकांपुढे ठेवले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. एखाद्या रेणूची रचना सांगणे हा दावा असतो. तोच रेणू स्वतंत्रपणे घडवून दाखवला की दावा पक्का होतो. आज चीनमधील रसायनशास्त्रज्ञ पिंप्रिनिनचे नवे नवे प्रकार तयार करून त्यांतून पिकांसाठी बुरशीनाशक मिळते का, हे तपासत आहेत. त्यांना हे करता येते, कारण साठ वर्षांपूर्वी कुणीतरी ते नीट लिहून ठेवले.

आज या औद्योगिक पट्ट्यात निगडी, आकुर्डी, पिंपरीपासून चाकणच्या आसपासपर्यंत अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि विज्ञान शाखांची महाविद्यालये आहेत. पेपर प्रसिद्ध करणे हा तिथल्या जीवनाचा नित्याचा भाग झाला आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला पेपर लागतो, एम.टेक.ला लागतो, प्राध्यापकांच्या बढतीत तो मोजला जातो, महाविद्यालयाच्या मूल्यांकनातही त्याची संख्या धरली जाते. पीएच.डी.साठी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत काढून टाकली, पण सवय राहिली. मागणी इतकी असली की पुरवठादार येतातच. दोन-चार हजार रुपये भरा, चार दिवसांत पेपर छापून प्रमाणपत्र मिळेल, अशी जाहिरात प्रत्येक विद्यार्थ्याच्या मोबाइलवर येते.

या प्रश्नाचा अभ्यास पुण्यातच झाला आहे. भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीची चिकित्सा प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या आणि कोणत्याही प्रतिष्ठित सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असू शकतात, असा तिचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील एका केंद्राच्या मदतीने 'यूजीसी-केअर' यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आली. आता संस्थांनी निकष लावून स्वतः ठरवायचे आहे. म्हणजे पेपर कुठे पाठवायचा याचा निर्णय पुन्हा लेखकाकडे आणि त्याच्या मार्गदर्शकाकडे आला आहे. तो नीट घ्यायचा, तर चांगला शोधनिबंध कसा तयार होतो हे आधी ठाऊक हवे.

शोधनिबंधाची सुरुवात संगणकावर नव्हे, प्रयोगाच्या वहीत होते. भोसरीच्या एखाद्या फोर्जिंग कारखान्यात डायवर नायट्रायडिंगची, म्हणजे पृष्ठभाग कठीण करण्याची, वेगळी पद्धत वापरली आणि डाय जास्त टिकू लागली, असे समजा. शॉप फ्लोअरवर एवढे पुरते: 'डाय आता जास्त नग काढते.' निबंधाला ते पुरत नाही. डायचे पोलाद कोणते, आधीची कठिणता किती, नायट्रायडिंग किती तापमानाला आणि किती तास, थराची जाडी कशी मोजली, बिलेटचे तापमान काय होते, वंगण कोणते, प्रेस कोणता, दोन्ही पद्धतींच्या किती डाय तपासल्या, झीज मोजताना डाय निकामी कधी धरली, हे सगळे लागते. एकच डाय जास्त चालली असेल तर तो योगायोगही असू शकतो. कोइमतूरच्या किंवा तुर्कस्तानातल्या अभियंत्याला केवळ हा निबंध वाचून तेच करून पाहता आले पाहिजे. या कसोटीवर आपल्याकडचे बहुतेक मसुदे 'पद्धती'च्या भागातच अडखळतात, कारण त्या दिवशीच्या नोंदीच नसतात. सहा महिन्यांनी आठवून लिहिलेले तापमान हे मोजमाप नसते.

लिहिण्याचा क्रमही छापील क्रमापेक्षा वेगळा ठेवणे सोयीचे. आधी आलेख आणि तक्ते मांडावेत. त्यांतून काय सिद्ध होते आणि काय होत नाही हे दिसते. मग पद्धती, मग निष्कर्ष, मग चर्चा. प्रस्तावना त्यानंतर, आणि सारांश व शीर्षक सर्वांत शेवटी. आपल्या विद्यार्थ्यांना प्रस्तावनेपासून सुरुवात करायला लावले जाते आणि तिथे इतरांच्या पेपरांतली वाक्ये जुळवण्यात महिने जातात. नंतर सॉफ्टवेअरने दाखवलेले साम्य १० टक्क्यांखाली आणण्यासाठी शब्द फिरवणे सुरू होते, कारण आयोगाच्या २०१८ च्या नियमांत तेवढ्या साम्यापर्यंत दंड नाही. दुसऱ्याचा विचार शब्द बदलून आणि त्याचे नाव न घेता घेतला, तर साम्याचा आकडा शून्य असला तरी ती चोरीच आहे.

निष्कर्ष किती ताणावा, याचे उत्तम उदाहरण भोसरी एमआयडीसीतच आहे. १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने स्थापन झालेली संस्था तिथे आहे. तिथले डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. देहविक्रय करत नसलेल्या ५२५ स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित आढळल्या. पतीशी एकनिष्ठ असलेल्या विवाहितेलाही धोका आहे, हे त्यातून देशापुढे आले आणि 'जोखमीचे गट' एवढ्यावर थांबलेली चर्चा पुढे सरकली. निष्कर्ष हादरवणारा होता, तरी या स्त्रिया दवाखान्यात आलेल्या होत्या, त्यामुळे १३.६ हा आकडा सगळ्या विवाहित स्त्रियांना लावता येत नाही. नमुना कोणाचा आहे हे निबंधात स्पष्ट लिहिलेले असल्यामुळेच वाचकाला ही मर्यादा कळते. मर्यादा सांगितल्याने निबंध दुबळा होतो, ही आपल्याकडची समजूत चुकीची आहे. अनुभवी परीक्षक मर्यादांचा परिच्छेद आधी शोधतो.

लेखकांच्या नावांचा प्रश्न नाजूक असतो, म्हणून तो काम सुरू होतानाच सोडवावा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने त्यासाठी चार अटी घातल्या आहेत: कामात ठोस वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा त्याच्या चिकित्सेत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि पूर्ण निबंधाची जबाबदारी. चारही पूर्ण होत नसतील तर नाव आभारात जावे. या कसोटीला विभागप्रमुख, प्राचार्य किंवा संस्थाचालक यांचे नाव केवळ पदामुळे उतरत नाही. उलट कारखान्यातला जो अभियंता चाचण्या आखतो, आकडे तपासतो आणि मसुद्यावर बसतो, त्याचे नाव मात्र अनेकदा गळते. हा अन्याय थांबला पाहिजे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन लेखक होऊ शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. भाषा सुधारायला ते वापरले असेल तर तसे नमूद करावे.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांतल्या लेखकाला आणखी एक पायरी असते, कंपनीच्या परवानगीची. ती मसुदा पूर्ण झाल्यावर मागितली तर बहुधा नकार येतो. ग्राहकाचे नाव, भागाचा आराखडा, किमती यांतले काय छापायचे नाही, हे सुरुवातीलाच लेखी ठरवले तर वाट निघते. पेटंट घ्यायचे असेल तर अर्ज आधी आणि निबंध नंतर, कारण आधी छापले की नावीन्याचा दावा धोक्यात येतो. तात्पुरता अर्ज केला तर पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात, त्यामुळे निबंध वर्षभर अडकून पडत नाही.

नियतकालिक निवडताना सर्वांत खात्रीची कसोटी साधी आहे: आपण संदर्भ म्हणून वाचलेले निबंध कुठे छापले गेले? ज्या नियतकालिकातला एकही निबंध आपण कधी वाचला नाही, तिथे आपला पाठवण्याला कारण काय? संपादक मंडळातली माणसे खरी आहेत का, त्यांना आपण मंडळावर असल्याचे माहीत आहे का, परीक्षणाला किती काळ लागतो, शुल्क आधीच उघड सांगितले आहे का, हे पाहावे. आठवड्यात स्वीकृतीची हमी देणारे नियतकालिक परीक्षण करत नाही, हे गृहीत धरावे. शुल्क घेणारे प्रत्येक नियतकालिक मात्र बनावट नसते. अनेक नामांकित मुक्त-वाचन नियतकालिके मोठे शुल्क घेतात. ते परवडत नसेल तर भारतीय विज्ञान अकादमीचे अभियांत्रिकीसाठीचे 'साधना' आहे, साहित्यविज्ञानासाठी 'बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स' आहे. १९३२ पासून निघणारे 'करंट सायन्स'ही आहे.

वाचनाची अडचण खरी आहे. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेखाली १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना खुली झाली. पिंपरी-चिंचवडमधली बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालये खासगी आहेत. ती या योजनेबाहेर राहतात. उद्योगाच्या सर्वांत जवळ बसलेला विद्यार्थी वाचनापासून दूर ठेवणे योग्य नाही. योजनेच्या पुढच्या टप्प्यात अशा महाविद्यालयांना घेतले पाहिजे. तोवर मूळ लेखकाला ईमेल करून प्रत मागावी. बहुतेक संशोधक आनंदाने पाठवतात.

मसुदा पाठवताना लेखकांसाठीच्या सूचना अक्षरशः पाळाव्यात. एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवावा. संपादकाला लिहायच्या पत्रात प्रश्न काय, नवे काय आणि त्यांच्या वाचकांना ते का हवे, एवढेच असावे. अनेक मसुदे परीक्षकांपर्यंत न जाता संपादकाकडूनच परत येतात. त्याने खचू नये. परीक्षकांचे शेरे आले की प्रत्येक शेरा उतरवून त्याखाली उत्तर लिहावे, मसुद्यात कुठे बदल केला ते दाखवावे, आणि परीक्षक चुकला असेल तर पुराव्यानिशी, सभ्य भाषेत तसे म्हणावे. नवा प्रयोग मागितला असेल आणि तो योग्य असेल तर करावा. यात काही महिने जातात. तेवढा वेळ शैक्षणिक वेळापत्रकात धरलेला नसतो, म्हणूनच विद्यार्थी चार दिवसांच्या दुकानाकडे वळतो.

ते वेळापत्रक बदलणे महाविद्यालयांच्या हातात आहे. शेवटच्या वर्षाच्या गुणांसाठी छापील पेपरची अट काढून टाकावी आणि त्याऐवजी प्रयोगाची वही, मूळ आकडेवारी आणि दुसऱ्या गटाने तोच प्रयोग करून दिलेला अहवाल मागावा. कारखान्यांनी दरवर्षी आपल्या प्रक्रियेतला निदान एक प्रश्न, गोपनीय भाग वगळून, जवळच्या महाविद्यालयाला अभ्यासासाठी द्यावा आणि त्यावरचा निबंध छापण्याची परवानगी आधीच लिहून द्यावी. पुढचे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी या दोन्ही गोष्टी करता येतील.