स्टिअरिंग आपल्या हातात, नकाशा कुणाचा?

बाईच्या हातात स्टिअरिंग आलं की ती मोकळी झाली, असं आपल्यातल्या बऱ्याच जणींना मनापासून वाटतं. मलाही गाडी चालवायला आवडते, आणि बायकांनी ती चालवावी म्हणून मी घरीदारी भांडलेली आहे. सहलीला निघालं की नवरा किंवा दीर पुढे आणि बाई मागच्या सीटवर मुलांच्या उलट्या नि डब्यातल्या पुऱ्या सांभाळत बसलेली, हे चित्र मोडायलाच हवं होतं. पण हल्ली 'आम्ही बायका-बायकाच गेलो, गाइड नाही, ड्रायव्हर नाही, सगळं आमचं आम्ही पाहिलं' अशा हकिकती आपल्या बैठकांतून फार कौतुकाने सांगितल्या जातात. त्याबद्दल मला थोडं कडक बोलायचं आहे. गाइड नाही, असं कसं? हातात छापील नकाशा आहे, त्यावर थांब्यांच्या खुणा आहेत, प्रत्येक थांब्यावर फलक आहे. कुठे उतरायचं आणि कुठून न थांबता पुढे जायचं, हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलं आहे. गाइड हाडामांसाचा असला तर त्याला निदान उलट प्रश्न तरी विचारता येतो.

हे मी अमेरिकेतल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कबद्दल लिहिते आहे. लॉस एंजेलिसला राहणारी माझी मैत्रीण, तिची नणंद आणि मी अशा तिघी फेब्रुवारीत तिथे तीन दिवस फिरलो, आळीपाळीने गाडी चालवत. हे वाळवंटी उद्यान कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेला आहे, थोडा भाग शेजारच्या नेवाडात. विस्तार १३,००० चौरस किलोमीटरहून जास्त, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडा कमी. तळाला वर्षाकाठी सरासरी पाच-सहा सेंटिमीटर पाऊस. १० जुलै १९१३ रोजी इथल्या फर्नेस क्रीकला ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. काही हवामानतज्ज्ञ तिच्यावर शंका घेतात, पण जगातली सर्वांत जास्त म्हणून तीच सांगितली जाते. गाडीत पाणी भरपूर ठेवा, पेट्रोल बघून निघा, बहुतेक ठिकाणी मोबाइल लागत नाही, गाडी बंद पडली तर ती सोडून चालत सुटू नका, अशा सूचना असतात आणि त्या मुकाट्याने पाळाव्यात.

जागा सुंदर आहे, यात वाद नाही. बॅडवॉटरला समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली, पांढऱ्या मिठाच्या पठारावर तुम्ही उभ्या असता आणि मागच्या कड्यावर, मान वर करावी लागेल इतक्या उंचीवर, 'समुद्रसपाटी' अशी पाटी लावलेली दिसते. आर्टिस्ट्स ड्राइव्ह हा १४ किलोमीटरचा एकेरी वळणरस्ता दुपार कलल्यावर घ्यावा; डोंगर हिरवे, जांभळे, गुलाबी दिसतात.

आता नावं बघा. फर्नेस क्रीक म्हणजे भट्टीचा ओढा. फ्यूनरल माउंटन्स म्हणजे अंत्ययात्रेचे डोंगर. कॉफिन पीक, शवपेटीचं शिखर. हेल्स गेट, नरकाचं दार. डेव्हिल्स गोल्फ कोर्स, सैतानाचं मैदान. डान्टेज व्ह्यू, डान्टेचा इथे संबंध काय, तर त्याच्या काव्यातला नरक. आणि या सगळ्यांवर मृत्यूची दरी हे नाव. तीन दिवस तुम्ही मरणाच्या पाट्या वाचत फिरता. आमच्यातली नणंद दुसऱ्या दिवशी सहज म्हणाली, "इथे कोण राहणार गं! माणूस येऊन करेल काय?" तिला हे म्हणायला कुणी शिकवलं? तिने स्वतःच पाहिलं होतं ना सगळं?

मृत्यू हे नाव कसं पडलं ते ऐका. १८४९ साली कॅलिफोर्नियातल्या सोन्यासाठी निघालेले काही गोरे लोक जवळची वाट शोधताना या दरीत चुकले. ऐन हिवाळा होता. काही आठवडे त्यांचे हाल झाले, बैल मारून खावे लागले. दरीत त्यांच्यातला एक जण मेल्याची नोंद आहे. एक. तेवढ्यावर, निघताना मागे वळून कुणीतरी 'डेथ व्हॅली' असा निरोप घेतला अशी कथा आहे, आणि ते नाव जगाने उचललं. काही आठवड्यांच्या पाहुण्यांनी ठेवलेलं नाव नकाशावर चढलं, आणि शेकडो वर्षं तिथे संसार केलेल्यांचं नाव उतरलं.

राहणाऱ्यांचं नाव तिंबिशा. तिंबिशा शोशोनी ही तिथली आदिवासी जमात. या शब्दाचा संबंध दरीतल्या तांबड्या, गेरूसारख्या रंगमातीशी आहे. चेहऱ्याला, अंगाला लावायची ती माती. तिच्यात बळ आहे असं ते मानतात. आर्टिस्ट्स ड्राइव्हच्या नावात 'कलावंत' आहेत, पण डोंगरातल्या रंगावरून ज्यांनी स्वतःचं नाव घेतलं ते लोक त्या रस्त्याच्या नावात कुठेच नाहीत.

ही जमात कडक उन्हाळ्यात डोंगरात वर जायची आणि थंडीत खाली दरीत यायची. दरीत मेस्किटची झाडं. हे आपल्या शमीचं लांबचं भावंड. आपल्या माळांवर पसरलेली वेडी बाभूळ तर त्याची अगदी जवळची नातलग. त्याच्या शेंगा वाळवून, उखळात कुटून पीठ करायचं आणि ते साठवायचं. वर डोंगरात पिन्यन पाइनच्या बिया, आपल्या चिलगोज्यांसारख्या, शरद ऋतूत गोळा करायच्या. हे खाणं मिळवणं, कुटणं, साठवणं हे मोठ्या प्रमाणात बायकांचं काम. विलोच्या काड्यांच्या, काळी नक्षी घातलेल्या टोपल्या विणणंही बायकांचंच. आणि झाडं नुसती ओरबाडायची नाहीत, त्यांची निगा राखायची: वाळलेल्या फांद्या काढायच्या, खालचा पाचोळा साफ करायचा. म्हणजे ज्याला पुस्तिका मानवाचा हात न लागलेलं रान म्हणते, ते रान पिढ्यान् पिढ्या हातांनी राखलेलं होतं. उद्यानाचे नियम आले आणि फांदी तोडणं गुन्हा झाला. ज्या बायकांनी झाडं जगवली, त्याच झाडांच्या वैरी ठरल्या. मेळघाटातल्या किंवा सह्याद्रीतल्या अभयारण्यांच्या कडेला काम करणाऱ्या मैत्रिणींना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

'मग बायकांचा इतिहासही नकाशात घाला की,' असं आपल्यातल्या काही जणी म्हणतील. तसा तो घालता येतो, आणि घातलेला मी वाचला आहे. १८४९ च्या त्या तांड्यात ज्युलिएट ब्रायर ही धर्मोपदेशकाची बायको होती. नवरा खंगलेला, तीन लहान मुलगे. पोराला पाठीवर घेऊन तिने बैल हाकले, ओझी चढवली-उतरवली. तिच्या चिवटपणाचं बरोबरच्या पुरुषांनीही कौतुक करून ठेवलं आहे. बाई मोठी हिमतीची होती, मला तिच्याबद्दल आदर आहे. पण तिचा थांबा वाढवून प्रश्न सुटत नाही. तीही वाटसरूच होती. शूर पुरुषांच्या रांगेत एक शूर गोरी बाई उभी केली की नकाशा तोच राहतो, फक्त त्यावर आपली सही होते. हे आपल्याला चालणार आहे का, यावर मतभेद होऊ शकतात. माझं मत स्पष्ट आहे: चालू नये.

सर्वांत गर्दीचे थांबे आहेत ते टाकणखाराचे. होय, आपला सोनाराकडचा टाकणखार, इंग्रजीत बोरॅक्स. हार्मनी बोरॅक्स वर्क्स हा कारखाना १८८३ ते १८८८ चालला. मिठासारखा पसरलेला कच्चा खार खरवडून गोळा करायचं काम चिनी मजुरांचं होतं. तयार माल वीस जनावरांच्या गाड्यांतून सुमारे २६५ किलोमीटरवरच्या रेल्वेपर्यंत जाई. अठरा खेचरं आणि दोन घोडे, पण नाव 'वीस खेचरं' असंच पडलं. गाडी तिथे उभी आहे, लोक तिच्यापुढे फोटो काढतात. गाडीवानाचं कसब, मालकाची दूरदृष्टी, खेचरांची ताकद, सगळ्याची वाखाणणी आहे. झाब्रिस्की पॉइंट हा प्रसिद्ध थांबा तर टाकणखार कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याच्या नावाने आहे. पण हा खार जात कुठे होता? घराघरांतल्या धुण्यात! वीस खेचरांचा छाप असलेली टाकणखाराची पेटी अमेरिकेत बायकांच्या मोरीपर्यंत पोचली होती आणि आजही विकली जाते. म्हणजे ही सगळी मर्दुमकी अखेर लाखो बायकांच्या धुण्याच्या श्रमावर उभी होती. तो धागा मला एकाही फलकावर दिसला नाही. कंपनीने १९३० पासून 'डेथ व्हॅली डेज' नावाची रेडिओ मालिका चालवली, दरीच्या रोमांचक गोष्टींची. पुढे ती टीव्हीवर आली, आणि नंतर राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन १९६४-६५ मध्ये तिचे सूत्रधार होते. रेडिओवरच्या त्या गोष्टी लिहिणारी मात्र रूथ वुडमन ही बाई होती. बाईच्या लेखणीने बायकांना धुण्याचा खार विकायचा आणि गोष्ट सांगायची पुरुषांची. आपण जाहिरातींविरुद्ध इतकी पत्रकं काढली; हा नमुना त्यांत घालण्याजोगा आहे.

कंपनीने पुढे खाण सोडून पर्यटनाकडे मोर्चा वळवला. १९२७ मध्ये फर्नेस क्रीकला तिचं आलिशान हॉटेल उघडलं. त्याच्या मातीच्या विटा पाडायला हात आदिवासींचे. १९३३ मध्ये सरकारने दरी राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली, तेव्हा तिंबिशांना कुणी विचारलं नाही. १९३६ मध्ये त्यांना चाळीस एकरांच्या तुकड्यावर मातीच्या घरांच्या वसाहतीत बसवलं. बायका टोपल्या विणून प्रवाशांना विकत. पुढे ही माणसंही नकोशी झाली. १९५७ मध्ये घरांबद्दल धोरण ठरलं: कुटुंब निघून गेलं की घर पाडायचं. उन्हाळ्यात लोक नेहमीप्रमाणे डोंगरात जात, आणि मागे उद्यानाची माणसं जोरदार पाण्याचे फवारे मारून त्यांची रिकामी घरं विरघळवून टाकत.

पुन्हा वाचा. अमेरिकेतल्या सर्वांत कोरड्या जागी, जिथे आम्हाला प्रत्येक पाटी पाणी जपायला सांगत होती, तिथे पाणी वापरलं ते घरं धुऊन काढायला. चुलीची जागा, साठवणीचा कोपरा, सगळा चिखल.

तरीही काही कुटुंबं हटली नाहीत. त्यांतल्या पॉलिन एस्टेव्हस या याच दरीत जन्मलेल्या, पुढे जमातीच्या अध्यक्ष झाल्या. घरांवरच्या त्या पाण्याची हकिकत त्यांनी वर्षानुवर्षं सांगितली, आणि 'मृत्यूची दरी' या नावालाही त्यांचा ठाम विरोध होता. १९८३ मध्ये जमातीला केंद्र सरकारची मान्यता मिळाली. १९९४ मध्ये स्मारकाचं राष्ट्रीय उद्यान झालं, त्याच कायद्यात जमातीसाठी जमीन शोधण्याचं कलम होतं. पण १९९६ मध्ये उद्यानाच्या आत जमीन नाही, असं उत्तर आलं. लोकांनी निदर्शनं केली, बोलणी पुन्हा सुरू करायला लावली. अखेर २००० साली तिंबिशा शोशोनी होमलँड अ‍ॅक्ट झाला. वेगवेगळ्या ठिकाणी मिळून साडेसात हजार एकरांहून जास्त जमीन मिळाली, त्यातली सुमारे ३१४ एकर खुद्द फर्नेस क्रीकला. मेस्किट नि पिन्यनची निगा राखण्याचा, शेंगा-बिया गोळा करण्याचा हक्कही काही भागात मान्य झाला. उद्यानाच्या पाटीवर आता खाली 'तिंबिशा शोशोनींची मायभूमी' असं लिहिलेलं आहे, हे नमूद करते. लढून मिळालेली ओळ आहे ती. पण थांब्यांची यादी अजून खेचरांची आणि सैतानाचीच आहे.

माझ्या मैत्रिणीने गाडीतच विचारलं, "तू सुट्टीलासुद्धा चळवळ घेऊन येतेस का?" विचारणं रास्त आहे. पण नापीक, ओसाड, मेलेली अशी नावं आधी जमिनीला पडतात आणि मग ती जमीन काढून घेणं सोपं जातं, हे आपण महाराष्ट्रात पाहत नाही का? सातबाऱ्यावर ज्या तुकड्यापुढे 'पोटखराब' लिहिलेलं असतं, तिथेच गावची बाई सरपण वेचते, शेळी चारते, तरवटा आणि कुर्डूची भाजी खुडते. कागदावर शून्य उत्पन्न. कारखान्याला द्यायची वेळ आली की म्हणायला मोकळे, इथे होतं काय! सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण झगडलो ते बरोबरच होतं. त्या कागदावरच्या 'पोटखराब' या शब्दाशी मात्र आपण अजून नीट भांडलेलो नाही.

ज्या मैत्रिणी मुलाबाळांकडे अमेरिकेला जातात, त्यांनी डेथ व्हॅलीला जरूर जावं. नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा. गाडी स्वतः चालवावी. तिंबिशांची वस्ती फर्नेस क्रीकच्या हॉटेलांपासून अगदी जवळ आहे. ती लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा कॅमेरे घेऊन आत घुसू नये. मेस्किटची झुडपं रस्त्यावरूनही दिसतात, तिथे गाडी थांबवावी. आणि आपल्या गटांच्या अभ्यास-सहली जिथे कुठे जातील, तिथल्या पुस्तिकेत नसलेले थांबे लिहून अंकाकडे पाठवावेत: पाणी कुठून यायचं, दळण-कांडण कुठे व्हायचं, कोण उठवलं गेलं, केव्हा आणि कुणाच्या सहीने. तारीख आणि गावाचं नाव घालायला विसरू नका, म्हणजे छापता येईल.