वलंदेजांची जहाजे समुद्रापर्यंत नेली कोणी?

१/ वेंगुर्ल्याच्या पडक्या वखारीपाशी उभ्या असलेल्या इतिहासप्रेमीला वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या, सामर्थ्याचे कारण विचारावे. उत्तर ठरलेले असते: प्रचंड जहाजे, तोफा, भागभांडवल आणि १६०२ साली स्थापन झालेली त्यांची ईस्ट इंडिया कंपनी. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. बंदराच्या तोंडाशी राबणाऱ्या वाटाड्यांना आणि त्यांच्या लाकडी नौकांना त्यात जागाच नाही. #धागा

२/ नेदरलँड्सचा नकाशा पाहावा. ॲम्स्टरडॅम हे खुल्या समुद्रावरचे बंदर नव्हते. तिथून निघालेल्या जहाजापुढे आधी पाम्पुसचा गाळ, मग झायडर झी हे उथळ आखात आणि शेवटी टेक्सेल बेटाजवळच्या वाळूच्या दांड्यांमधली वाट येई. जहाज जितके मोठे, तितका त्याचा तळ खोल आणि तितकीच ही वाट अवघड. ज्या आकाराचे गोडवे गायले जातात, तोच आकार घराच्या उंबरठ्यावर अडचण ठरत होता.

३/ ही अडचण किरकोळ नव्हती. २४ डिसेंबर १५९३ रोजी टेक्सेलपाशी नांगर टाकून थांबलेल्या सुमारे १५० जहाजांपैकी ४० च्या आसपास जहाजे वादळात गेली. व्यापारी आणि कवी रूमर फिसर याने पुढच्या वर्षी जन्मलेल्या आपल्या मुलीच्या नावातच ‘टेसेलस्खाडे’, म्हणजे ‘टेक्सेलचे नुकसान’, हा शब्द गुंफला. तीच पुढे नामवंत कवयित्री झाली.

४/ यावर ‘नकाशे होतेच की’ असा आक्षेप येतो. होते. एंकहाउझनच्या लुकास वाखेनारचा छापील सागरी नकाशासंग्रह १५८४ साली निघाला आणि इतका गाजला की इंग्रज खलाशी अशा कोणत्याही संग्रहाला ‘वॅगनर’ म्हणू लागले. पण वादळे आणि भरती-ओहोटी वाळूचे दांडे हलवत राहतात, छापलेली रेघ मात्र जागची हलत नाही. आजची खोली सांगायला तिथे रोज वावरणारा माणूसच लागतो. डच भाषेत त्याला ‘लोत्स’ म्हणतात.

५/ एकोणिसाव्या शतकात या लोत्सांची ओळख ठरली ती त्यांची स्कूनर: दोन डोलकाठ्यांची, मोजक्या माणसांत हाताळता येणारी, वाऱ्याला तोंड देत पुढे सरकणारी लाकडी नौका. ती बंदरात बसून राहत नसे. अनेक वाटाड्यांना घेऊन ती दांड्यांच्या बाहेर, खुल्या समुद्रात फेऱ्या घालत येणाऱ्या जहाजांची वाट पाही. जहाज दिसले की लहान होडी पाण्यात उतरे. वाटाड्या वल्ह्यांवर जहाजाच्या कुशीला पोहोचे आणि लाटेच्या उसळीबरोबर दोरशिडी पकडून वर चढे. पकड चुकली तर मृत्यू समोरच असे. या क्षणाचे चित्र पाठ्यपुस्तकात शोधून सापडत नाही. आरमारी लढायांची मात्र रेलचेल असते.

६/ ‘वाफ आली आणि शिडे निकालात निघाली’ हेही असेच एक सोपे सूत्र. वाटाड्यांच्या नौकेचे मुख्य काम वेगाने धावणे नव्हे, तर एका जागी टिकून राहणे हे होते. कोळसा जाळत दिवसेंदिवस थांबणे खर्चाचे होते, वारा फुकट होता. म्हणूनच वाफेच्या युगातही या कामात शिडांना स्थान उरले. तो मागासलेपणा नव्हता, हिशोब होता.

७/ राज्यकर्त्यांना या कामाचे मोल ठाऊक होते. १८३९ चा लंडनचा तह बेल्जियमच्या तटस्थतेसाठी प्रसिद्ध आहे, कारण १९१४ साली जर्मनीने ती मोडली. ते सातवे कलम सर्वांना माहीत असते. नववे कलम कोणी वाचत नाही. त्यात शेल्ट नदीतील वाटाड्यांची सेवा आणि मार्गदर्शक बोये नेदरलँड्स व बेल्जियम यांच्या संयुक्त देखरेखीखाली आणले गेले. अँटवर्प बेल्जियमचे, पण नदीचे मुख डचांच्या हाती. वाटाड्या कोणाचा आणि त्याचे शुल्क किती, हा सार्वभौमत्वाचा प्रश्न होता. १८५९ साली डचांनी या सेवेसाठी स्वतंत्र कायदाही केला.

८/ ‘पैसा तर मोठ्या जहाजांनीच आणला’ हा शेवटचा युक्तिवाद. पण मसाल्यांनी भरलेले जहाज टेक्सेलच्या वाळूत रुतले, तर कंपनीच्या वहीत जमा काय होणार? नफा गोदामात माल उतरल्यावर मोजला जातो. त्याआधीचे शेवटचे काही कोस, जिथे अख्ख्या सफरीची कमाई पणाला लागलेली असे, या वाटाड्यांच्या हाती असत.

९/ आता स्मृतीचे राजकारण पाहावे. लेलिस्टाड येथे १९८५ ते १९९५ अशी दहा वर्षे खपून ‘बटाविया’ या जहाजाची प्रतिकृती उभारली गेली. मूळ ‘बटाविया’ १६२८ साली टेक्सेलहून निघाले आणि १६२९ साली, पहिल्याच सफरीत, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील प्रवाळखडकांवर फुटले. तिथे वाट दाखवणारे कोणी नव्हते. मुक्कामी कधीच न पोहोचलेले जहाज राष्ट्राचे वैभव ठरते. हजारो जहाजे मुक्कामी पोहोचवणारी नौका तळटीपही होत नाही.

१०/ म्हणून पुढच्या वेळी ‘सागरी साम्राज्य’ हा शब्द वाचताना एक प्रश्न जरूर विचारावा: ही जहाजे समुद्रापर्यंत नेली कोणी, आणि परत आणली कोणी? ज्या इतिहासाकडे याचे उत्तर नाही, तो अजून बंदरातच रुतलेला आहे.

(धागा समाप्त)