सहा माणसे आणि तीन पोरे

(तृतीय वर्ष कला)

सहलीचा बेत ठरला की आमच्या घरी पहिला प्रश्न निघतो तो, "माणसं किती?" उत्तरही तयार असते. "माणसं सहा, आणि पोरं तीन." ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. भाड्याची गाडी ड्रायव्हर धरून सात जणांची. सहा अधिक ड्रायव्हर म्हणजे सात. हिशेब चोख जुळला! पोरे या हिशेबात नाहीतच. ती 'कुठेही बसतील', 'मांडीवर घेऊ', 'दोन सीटच्या मध्ये उभी राहतील'. पाण्याचा कॅन, चटई आणि आजीची औषधांची पिशवी यांना मात्र नेमकी जागा ठरवून दिलेली असते, आणि ती कुणी हलवली तर आजी रागावते.

या बेरजेबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत. मुलांना घेऊन केलेल्या प्रवासाची वर्णने आपल्या अंकात पूर्वीही येऊन गेली आहेत. त्यांत समुद्र असतो, सूर्यास्त असतो, 'चिमुकल्यांची किलबिल' तर हमखास असते. ती किलबिल गाडीत नेमकी कुठे बसली होती, हे मात्र कुणी लिहिलेले मला आठवत नाही.

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोल्हापूरहून मालवणला निघालो. आजी, आई, बाबा, ताई, दाजी आणि मी. पोरांत ताईची दोन आणि काकांचा एक. ताईची धाकटी तेव्हा तीन वर्षांची होती. तिला मागे बसले की गाडी लागते, म्हणून तिला पुढच्या सीटवर माझ्या मांडीवर दिली. सोबत आवळासुपारी, लिंबू आणि एक रिकामी पिशवी. मी पट्टा लावला, पण तो माझ्यापुरता. ती माझ्या पुढ्यात, पट्ट्याच्या बाहेर, डॅशबोर्डवर हात टेकून बसली होती. गगनबावड्यापर्यंत तिने दिसेल त्या म्हशीला हाक मारली. करूळचा घाट उतरताना तिला पोटात ढवळले नाही, याचे सगळ्यांनी कौतुक केले. "पुढं बसवलं ते बरं झालं," असे आजी दोनदा म्हणाली.

घाट उतरून गाडी सपाटीला लागली आणि वळणावर एक म्हैस रस्त्यात आली. वेग चाळीसच्या आसपास असेल. ड्रायव्हरने ब्रेक लावला, गाडी थांबली, म्हैस आपल्या वाटेने निघून गेली. धडक झालीच नाही. पण माझ्या हातांतले मूल माझ्या हातांत राहिले नाही. तिचे तोंड डॅशबोर्डवर आपटले. ओठ फाटला आणि पुढचा एक दात पडला. वैभववाडीला डॉक्टरांनी दोन टाके घातले. "दुधाचा दात आहे, दुसरा येईल," ते म्हणाले. मग आम्ही मालवणला गेलो, किल्ला पाहिला, सोलकढी प्यालो.

त्या रात्री आजीने मीठमोहऱ्या ओवाळून तिची दृष्ट काढली. म्हशीला दोष दिला गेला, तिच्या मालकाला दिला गेला, ड्रायव्हरलाही थोडा दिला गेला. "पोरगी चुळबुळी आहे" असेही झाले. माझ्याकडे कुणी बोट दाखवले नाही, आणि निघताना मांडलेल्या त्या बेरजेकडे तर कुणीच पाहिले नाही. मी तिला घट्ट धरले होते. हे मी आजही शपथेवर सांगेन.

घट्ट धरणे म्हणजे काय, ते मला पुढे आमच्या शेजारच्या एका सायन्सच्या विद्यार्थ्याने वहीच्या पाठकोऱ्या पानावर समजावून दिले. आम्हा कलाशाखेच्या मंडळींना आकडे पाहिले की जांभई येते, पण हा आकडा थोडका आहे. मूल तेरा किलोचे, गाडीचा वेग ताशी चाळीस किलोमीटर. समजा गाडी कशावर तरी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. तर तेवढ्या क्षणात ते मूल जागच्या जागी धरून ठेवायला सुमारे दीडशे किलोचे ओझे पेलण्याइतकी ताकद लागते. दीडशे किलो! सिमेंटची तीन पोती. आईची माया कितीही मोठी असली तरी तिच्या मनगटांत तीन पोती तोलण्याचे बळ एकाएकी येत नाही. आम्ही धडकलो नव्हतो, नुसता ब्रेक लागला होता, म्हणून दातावर भागले. आणि त्या गाडीत पुढे हवेची पिशवी होती, हेही मला नंतर कळले. ती पिशवी पट्टा लावून बसलेल्या मोठ्या माणसासाठी असते. ती फुगते तेव्हा तिच्या आणि माझ्या मध्ये एक तीन वर्षांची मुलगी असती.

कायदा याबाबत मुका नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात कलम १९४-ब आले. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या खास आसनाने बांधलेले नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला हजार रुपये दंड. दुचाकीसाठीही फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम निघाला आणि वर्षभराने तो लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला हेल्मेट हवे, चालकाशी जोडणारा पट्टा हवा आणि वेग चाळीसच्या वर नको. या कॉलेजच्या फाटकासमोर दहा मिनिटे उभे राहून असा एक तरी पट्टा कुणी दाखवावा. बाप चालवतो आहे, पुढे टाकीवर मोठे पोर, मध्ये धाकटे, मागे आई आणि तिच्या हातात भाजीची पिशवी, हेच चित्र आपल्याला पाठ आहे.

मोठ्या माणसांच्या पट्ट्यांविषयी बोलायलासुद्धा आपल्याला एक मोठा मृत्यू लागला. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर काही आठवडे घरोघरी मागच्या पट्ट्यांची चर्चा झाली, सीटच्या फटीत गेलेली बकले लोकांनी उपसून काढली. आमची मालवणची सहल त्याच दिवाळीतली आहे! बाबांनी तेव्हा मागच्या दोघातिघांना पट्टे लावायला लावले होते. पोरांना पट्टा कुठला? त्यांना सीटच नव्हती.

आता कोणी म्हणेल, ही शहरी चैन झाली. मुलांची ती आसने काही हजारांच्या घरात जातात, मूल दोन वर्षांत मोठे होते आणि आसन माळ्यावर पडते. वडापने जाणाऱ्या बाईने काय करावे? जिथे जीपच्या मागच्या फळीला लोंबकळून माणसे जातात, तिथे लेकराला आसन मागणारी तू कोण? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. वडापमधल्या बाईपुढे दोनच वाटा असतात, मूल मांडीवर घ्यायचे किंवा दोन तास एसटीची वाट पाहायची. तिला दंड करून काही साधणार नाही. तिची एसटी वेळेवर आणा, मग बोला. पण आम्ही वडापमध्ये नव्हतो. आम्ही गाडी ठरवली होती आणि तिच्या भाड्याची घासाघीस केली होती. थोडे जास्त मोजले असते तर मोठी गाडी मिळाली असती, किंवा दाजी आणि बाबा एसटीने आले असते. असा विचार कुणाच्या डोक्यातच आला नाही, कारण मुळात माणसे सहाच होती.

आमचे एक सर (ते मला क्षमा करतील) यावर म्हणाले, "आमच्या वेळी ट्रकच्या हौद्यात बसून वऱ्हाडं जायची, काही झालं नाही." सर, ज्यांना काही झाले ते स्टाफरूममध्ये येऊन सांगत नाहीत.

एसटीचे नाव निघालेच आहे, तर तिचाही हिशेब पाहू. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून महाराष्ट्राने आपली मुले याच गाडीतून मामाच्या गावाला नेली. पाच वर्षांच्या आत तिकीट नाही, पाच ते बारा अर्धे. गरिबाला हा केवढा आधार! तो काढा असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. पण फुकट याचा अर्थ जागा नाही असाही होतो. एसटीच्या सीटवरच्या पाट्या वाचत मी लहानाची मोठी झाले. महिला, अपंग, स्वातंत्र्यसैनिक, पत्रकार आणि विधानसभा सदस्य. आमदारसाहेब लाल गाडीच्या त्या सीटवर बसलेले मी तरी एकदाही पाहिलेले नाहीत. पण ते आले तर त्यांना जागा आहे. कडेवर मूल घेतलेली बाई आली तर तिने लोकांच्या चेहऱ्यांकडे पाहायचे.

मोठ्या बसस्थानकांवर तान्ह्या मुलांच्या आयांसाठी 'हिरकणी कक्ष' केलेले आहेत. नाव फार सुरेख आहे. रायगडाचे दरवाजे मिटले म्हणून घरच्या तान्ह्यासाठी अंधारात कडा उतरून गेलेली ती गवळण आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. एका स्थानकावर ताईबरोबर मी तो कक्ष शोधला. पाटी होती, आणि दाराला कुलूपही होते. किल्ली कोणाकडे ते तीन खिडक्यांवर विचारले, तेव्हा कळले की आत फिनेलचे डबे आणि झाडू ठेवतात. ताईने फलाटाच्या कोपऱ्यात पाठ फिरवून बाळाला पाजले, मी ओढणी धरून उभी राहिले. हिरकणीला निदान कडा तरी मोकळा मिळाला होता.

रेल्वेने मे २०२२ मध्ये लखनौ मेलच्या डब्यात आईच्या बर्थला जोडलेला छोटा घडीचा बर्थ लावून पाहिला. प्रयोग छोटा होता, पण मूल आईच्या शेजारी झोपते आणि त्याला पडू न देणारी फळी लागते, एवढे तरी कुणाच्या लक्षात आले याचे मला अप्रूप वाटले.

रस्ते मात्र जोरात पुढे गेले. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला तेव्हा मैलोन्‌मैल ना धड खाण्याची सोय होती, ना स्वच्छतागृहाची. तीन वर्षांच्या मुलाला "आता धर, पुढं थांबू" असे सांगून पाहिलेल्या कुणालाही विचारा, असा रस्ता आखताना त्या टेबलाभोवती एखादी आई बसली होती का. आणि वेग तिप्पट झाला म्हणून मांडी काही तिप्पट बळकट होत नाही. उलट त्या सायन्सवाल्या मित्राने वही पुन्हा उघडली तर चाळीसचे एकशेवीस होताच आपली तीन पोती नऊ होतात.

घड्याळातही मुलांना जागा नसते. मालवणला दोन दिवसांत सहा ठिकाणे 'उरकायची' होती. पहाटे साडेतीनला पोरांना झोपेतून उचलले, दोन वाजता जेवायला घातले, आणि ती रडू लागली तेव्हा "पुन्हा कुठं नेणार नाही" असा दम भरला. किल्ल्यातले तिला आज काहीही आठवत नाही. चहाच्या टपरीखाली एक तांबडे कुत्र्याचे पिल्लू होते, त्याच्या एका कानाला चुना लागला होता, तेवढे आठवते. आम्ही तिथे दहा मिनिटेच थांबलो होतो, तीही टायर तपासायला.

गेल्या उन्हाळ्यात बेत पुन्हा निघाला तेव्हा "माणसं किती?" या प्रश्नाला मी "नऊ" म्हटले. बाबांनी बोटांवर मोजून पाहिले आणि "सहाच की," म्हणाले. मी मुलांची नावे घेतली. थोडा वाद झाला. "मोठी गाडी परवडत नाही," दाजी म्हणाले, आणि ते खरेही होते. शेवटी आजी, आई, बाबा, दाजी आणि दोन्ही मुलगे गाडीने गेले. मुलगे मागच्या सीटवर, पट्टे लावून. आजीला ते बांधून घालणे वाटले. ताईला रजा नव्हती. मी आणि धाकटी एसटीने निघालो.

ती आता सहा वर्षांची झाली आहे. तिचे अर्धे तिकीट, आणि मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे भाडे असल्यामुळे माझेही अर्धेच. कंडक्टरने एकाच किमतीची दोन तिकिटे हातावर ठेवली, तेव्हा तिने ती शेजारी शेजारी धरून खात्री करून घेतली. पुढच्या थांब्यावर गर्दी चढली. एक आजोबा आमच्या सीटपाशी आले आणि सवयीने म्हणाले, "पोरीला घे की मांडीवर." तिने तिकीट वर करून दाखवले. "माझं पण आहे."

आजोबा हसले. मी उठून माझी जागा त्यांना दिली आणि गगनबावड्यापर्यंत दांडा धरून उभी राहिले. ती खिडकीपाशी बसून म्हशी मोजत होती.